मुळांचा सोडा

पप्पांनी दारू सोडली ती माझ्या धाकट्या बहिणीच्या कोपरामुळे. कारखान्यातून सुटल्यावर ते मित्रांबरोबर बसले, मग तिला शिकवणीहून आणायला मोपेड घेऊन गेले आणि इंदिरानगरच्या मागच्या कच्च्या रस्त्यावर दोघं पडली. त्यांना खरचटलंसुद्धा नाही. तिचं कोपर मोडलं आणि वाकडंच जुळलं. आजही वेणी घालताना तिचा एक हात पुरता वर जात नाही. त्याच आठवड्यात पप्पा विहारात गेले आणि सगळ्यांसमोर उभं राहून त्यांनी पंचशील घेतलं. पाचवं शील, नशा आणणारं काहीही न पिण्याचं, त्यांनी एवढ्या मोठ्याने म्हटलं की पुढे बसलेल्या बायका वळून बघायला लागल्या. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं, मी दहावीत होते आणि बापाची लाज वाटण्याच्या वयात होते. त्या दिवशी मात्र मला लाज वाटली नाही.

पप्पा अंबडला एका कारखान्यात टर्नर होते. दिवसभर लेथवर उभे असत, तोवर काही नसे. संध्याकाळी सहानंतर मात्र त्यांच्या हातांना काम उरत नसे. रिकामा ग्लास घेऊन ओट्यावर बसायचे. तीन-तीन कप चहा व्हायचा. बाजारातली थंड पेयं आणून पाहिली, ती त्यांना गोडमिट्ट वाटायची. "घशाला चावलं पाहिजे," ते म्हणायचे. "चावल्याशिवाय प्यायल्यासारखं वाटत नाय." आई, मी आणि बहीण घरात आपापली कामं करत असल्याचं सोंग करायचो आणि ते चपला घालतात का याकडे कान लावून बसायचो. असे दोन महिने गेले. आमचा जीव टांगणीला लागला होता.

आई अंगणवाडीत होती. लसीकरणाच्या दिवशी तिथे एक निवृत्त नर्सबाई मदतीला यायच्या, शरणपूरकडे राहणाऱ्या. तरुणपणी त्या मिशनच्या कुठल्याशा दवाखान्यात होत्या आणि तिथल्या परदेशी डॉक्टरच्या बायकोकडून एक पेय करायला शिकल्या होत्या. आईने त्यांच्याजवळ मन मोकळं केलं, तेव्हा त्यांनी ते सांगितलं. त्याला त्या रूट बिअर म्हणायच्या. आई म्हणाली, "बाई, त्यातला दुसरा शब्द आमच्या घरात नको." म्हणून आमच्याकडे त्याचं नाव मुळांचा सोडा पडलं.

काष्ठौषधीच्या दुकानातून आईने उपळसरीची मुळं आणली. बारीक, तांबूस, मातीचा आणि काहीतरी गोड असा वास येणारी. त्याआधी आठवडाभर तिने एका बरणीत किसलेलं आलं, साखर आणि पाणी घालून ठेवलं होतं, वर चार बेदाणे. रोज चमचाभर आलं आणि चमचाभर साखर घालायची. पाचव्या दिवशी बरणीत बुडबुडे धरले आणि कान लावला की सूं सूं ऐकू यायला लागलं. मग मुळं गुळाच्या पाण्यात उकळली, गाळली, अगदी गार केली, त्यात ते आल्याचं पाणी ओतलं आणि बाटल्या भरल्या. गरम असताना ओतलं तर सगळं मुसळ केरात, हे आईला पहिल्याच खेपेला कळलं. दुसऱ्या खेपेला बाटली फुटली आणि स्वयंपाकघराच्या छतावर तपकिरी नकाशा उमटला. पप्पा खूप दिवसांनी हसले.

त्यानंतर ते त्यात शिरले. काचेच्या बाटल्या बाद करून प्लास्टिकच्या आणल्या. रोज सकाळी अंगठ्याने प्रत्येक बाटली दाबून बघायचे. दबली तर अजून वेळ आहे, दगडासारखी लागली तर झाली. बाटल्या एका रांगेत उभ्या राहाव्यात म्हणून त्यांनी लाकडी चौकट केली, आणि टर्नरच ते, एका मिलिमीटरचाही फरक त्यांना खपला नाही. संध्याकाळी सहाला पहिली बाटली उघडायची. फस्स आवाज झाला की आई पोळी लाटायची थांबायची आणि पुन्हा लाटायला लागायची. पप्पा घोट घ्यायचे, डोळे मिटायचे, म्हणायचे, "चावलं."

दोन वर्षं आम्ही असे राहिलो. इतर घरं जशी असतात तसे. ते बहिणीकडून गणितं करून घ्यायचे, तिचा वाकडा हात वहीवर टेकलेला असायचा आणि ते त्याच्याकडे बघून नजर वळवायचे. दर रविवारी विहारात पहिल्या रांगेत बसायचे. कारखान्यातल्या दोघांना त्यांनी सोबत आणलं आणि त्यांचीही सुटली. माझ्या बापाला लोक मान द्यायला लागले होते.

मी बारावीला आले, विज्ञान शाखेला. यीस्टचं प्रात्यक्षिक होतं. चंचुपात्रात साखरेचं पाणी फसफसत होतं आणि बाई सांगत होत्या की यीस्ट साखर खातं आणि दोन गोष्टी बाहेर टाकतं, एक वायू आणि एक अल्कोहोल. एक आलं की दुसरं आलंच. वर्गात कुणाला त्याचं काही वाटलं नाही. मला आमच्या घरातली बाटल्यांची चौकट दिसली.

शुक्रवार होता. घरी आल्याआल्या मी आईला गाठलं. ती म्हणाली, "मला माहीत हाय."

"माहीत आहे?"

"नर्सबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. लय थोडी असते. पिकल्या केळ्यात असते तेवढीच म्हणाल्या. म्हणून तर मी बाटल्या लवकर फ्रिजात ठेवते, जास्त मुरू देत नाय. बादलीभर प्याले तरी चढायची नाय." मग तिने माझा दंड धरला. "तुझ्या पप्पांना कळता कामा नये. त्यांचा जीव त्या एका शीलावर उभा हाय. तू गप्प बसायचं. बसशील ना?"

मी हो म्हटलं. पण मला राग आला होता, तो आईचाच. मला वाटलं, हिने आपल्या नवऱ्याला फसवलं. सतरा वर्षांची मुलगी नाकाने कांदे सोलते तशी मी दोन दिवस सोलत राहिले.

रविवारी पप्पांना कुणीतरी सांगितलं की आदल्या आठवड्यात मी जादा तासाचं नाव सांगून मैत्रिणींबरोबर गंगापूर धरणावर गेले होते. ते ओरडले नाहीत. विहारात घालून गेलेले पांढरे कपडे अजून अंगावर होते. त्यांनी मला समोर बसवलं आणि विचारलं, "चौथं शील काय आहे?"

"खोटं न बोलण्याचं."

"मी पाचवं पाळतो. माझ्यासारखा माणूस पाळतो. आणि तुला शिकून सवरून चौथं पाळता येत नाय?"

आई दारात उभी होती. माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलं असावं, कारण ती नको म्हणून मान हलवत होती. मी तिच्याकडे पाहिलं, आणि पाहूनसुद्धा बोलले. "तुम्ही तरी कुठे पाळता? त्या सोड्यात अल्कोहोल असतं. रोज पिताय तुम्ही, दोन वर्षं."

पप्पा आईकडे वळले नाहीत. माझ्याकडेच बघत राहिले. मी घाबरून शहाणपणा पाजळायला लागले, की अगदी कमी असतं, टक्काही नसेल, त्याने नशा होत नाही. ते म्हणाले, "किती ते नाय विचारलं. हाय का नाय?"

"आहे."

ते उठले. एकेक बाटली मोरीत ओतली, शांतपणे, झाकणं परत लावून बाटल्या चौकटीत जागच्या जागी ठेवल्या. तसेच परत विहारात गेले. आई मागोमाग गेली म्हणून पुढचं मला कळलं. भन्तेजी जेवून बसले होते. पप्पांनी हात जोडून सांगितलं की माझं शील दोन वर्षं मोडलेलं आहे आणि मी पहिल्या रांगेत बसत होतो. भन्तेजींनी खूप समजावलं. नकळत प्यालेल्याला दोष लागत नाही, म्हणाले, हवं तर आत्ता पुन्हा शील घ्या. पप्पा म्हणाले, "इतक्यांदा मोठ्याने म्हटलं मी. आता तोंडातून निघत नाय."

त्यानंतर ते रविवारी घरीच बसायला लागले. आईने साध्या सरबतात विकतचा सोडा घालून दिला, तो त्यांनी तसाच ठेवला. महिना सव्वा महिना झाला असेल. एका संध्याकाळी सहा वाजता त्यांनी चपला घातल्या. आई म्हणाली, "कुठं?" ते म्हणाले, "मोडलेलंच हाय ना." ते रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते हिशेब सुटल्यासारखे म्हणाले आणि गेले.

पुढची सहा वर्षं मला सांगायची नाहीत. ज्या दोघांची दारू त्यांनी सोडवली होती त्यांची सुटलेलीच राहिली, एवढं सांगते. पप्पांचं पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. सरकारी दवाखान्यात शेवटच्या दिवसांत मी त्यांचे पाय चेपायची. एकदा मी म्हटलं, "पप्पा, मी बोलायला नको होतं." ते म्हणाले, "खरंच तर बोललीस." त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर तो मला कुठेतरी ठेवता आला असता.

मी पुढे रसायनशास्त्र घेतलं आणि तोवर नाशिकभोवती द्राक्षांच्या दारूचे कारखाने उभे राहिले होते, त्यातल्या एकाच्या प्रयोगशाळेत लागले. आई माझ्या नोकरीचं नाव काढत नाही, शेजाऱ्यांना 'लॅबमध्ये आहे' एवढंच सांगते. तिथे एकदा, सगळे जेवायला गेले असताना, मी आईच्या पद्धतीने केलेली एक बाटली तपासली. आई जेवढा वेळ ठेवायची तेवढाच वेळ ठेवलेली. जवळजवळ काही निघालं नाही.

घरी येऊन मी आईला ते सांगितलं. का सांगितलं मला माहीत नाही, मला बहुधा तिच्याकडून काहीतरी ऐकायचं होतं. ती मेथी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मला दोन वर्षं माहीत होतं आणि मी गप्प राहिले. तुला दोन दिवस राहता आलं नाय."

मी तिच्यासमोर बसले आणि मेथी निवडायला लागले. तिने माझ्यापुढे अर्धी जुडी सरकवली.