हातपंपाच्या बाई

“हात लावून बोला,” असं म्हणून बाई समोरच्याच्या तळहातावर रबराचा वायसर ठेवायच्या. मग तो कारखान्याचा मालक असो की आमचे साहेब.

तुम्ही त्यांना सिल्वासातल्या आमलीच्या बाजारात पाहिलं असतं, तर प्राथमिक शाळेच्या बाई समजला असता. सुती साडी, साध्या चपला, खांद्याला पिशवी. प्रत्यक्षात त्या मुंबईच्या एका कॉलेजात रबराचं शास्त्र शिकवायच्या. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी कोकणातून येऊन सिल्वासात पाणीपुरवठ्याच्या नोकरीला लागलो होतो. हातपंपातला चामड्याचा वायसर झिजला की पंप कोरडा पडे, आणि पाड्यावरच्या बायका हंडे घेऊन नदीचा रस्ता धरत. बाईंना टिकणारा, रबराचा वायसर करायचा होता. रबराची कृती त्यांच्या कॉलेजची, साचा आमलीतल्या एका कारखान्याचा, पंप आमच्या खात्याचे. पण या तिघांना एका टेबलाशी बसवायचं कसं? ते बाईंनाच जमलं.

पहिले वायसर ऐन उन्हाळ्यात अडकले. अथालच्या बाजूच्या एका पाड्यावरची बाई आम्हाला म्हणाली, “दोघी दांड्याला लटकलो, तरी नाय हालत.”

ऑफिसात बैठक बसली. साहेब म्हणाले, माल खराब. मालक गुजराती, एरवी शांत गृहस्थ. त्या दिवशी ते काम सोडायच्या तयारीनेच आले होते. “माल बराबर छे,” ते म्हणाले. “कॉलेजनी रीत खोटी.”

बाईंनी दोघांचं ऐकून घेतलं. “इथे बसून कळायचं नाही. चला.”

जीपने सगळे पाड्यावर गेलो. पंप उघडला. बाईंनी फुगलेला वायसर बोटांनी चोळला, नाकाशी नेला.

“ग्रीस लावलंय का याला?”

आमच्या मिस्त्रीने होय म्हणून मान हलवली. चामड्याला ग्रीस लावायची खात्याची जुनी रीत. त्याने तेच रबराला लावलं होतं. त्या ग्रीसनेच रबर फुगलं होतं. मालक साहेबांकडे बघू लागले, साहेब मिस्त्रीकडे. मिस्त्री जमिनीकडे बघत उभा. आता याची नोकरी जाते, असं मला वाटलं.

“चूक माझी,” बाई म्हणाल्या. “वायसर पंपात कसा बसवतात, हे मी कधी विचारलंच नाही.”

मग मालकच पुन्हा बनवायला तयार झाले, “चालो बेन, फरी बनावीए.”

ग्रीसला दाद न देणारं रबर जमायला पावसाळा उलटला. दरम्यान बाई कॉलेजातली मुलं आणून मिस्त्रीच्या हाताखाली पंप बसवायला लावत. मालकांच्या घरून बाईंना डबा येऊ लागला. पुढच्या उन्हाळ्यात त्या पाड्यावरचा पंप एकदाही बंद पडला नाही. मग ते वायसर आम्ही गावोगावी बसवले.

निवृत्तीनंतर बाई सिल्वासाला आल्या नाहीत. काही वर्षांनी त्या गेल्याचं कळलं.

त्यांच्या शेवटच्या खेपेला मी बस स्टँडवर सोडायला गेलो होतो. निरोपाचे चार शब्द मनात जुळवून ठेवले होते. पाणी घेऊन खिडकीशी आलो, तर पाड्यावरच्या बायकांनी दिलेल्या काकड्या मांडीवर धरून बाई झोपल्या होत्या. मी उठवलं नाही. बस वळून दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभा राहिलो.