इंजिनाची उंची पावणेतीन वहिनी

जवळ ये बघू. कागदावरून का होईना, पण माझ्या शेजारी बैस आणि कान इकडे कर, कारण आधी तुला बोलणार आहे. परवाच्या पत्रात किती सहज लिहिलंस, मावशी, इंजिनांची ती तीन जाडजूड पुस्तकं रद्दीत दे आणि कपाट मोकळं कर. मी दमले आहे हे खरं. दर पावसाळ्यानंतर ती उन्हात मांडायची, पानापानातली बुरशी पुसायची, पुन्हा कपड्यात बांधायची. आता खांदे ऐकत नाहीत. पण कोणाची पुस्तकं आहेत हे ठाऊक नसताना असं लिहू नये गं.

ती माझ्या धाकट्या दिरांची. विरारपासून सुरतेपर्यंत रुळांच्या दोन्ही अंगांना जेवढी माणसं राहत होती, त्यांत समोर आलेल्या इंजिनाची तब्येत विचारणारा माणूस एवढा एकच. पालघरला मामलेदार कचेरीत कारकून होते. लग्न केलं नाही, आमच्यातच राहिले. आमच्या बाजूला डिझेलची इंजिनं दिसायला लागली तेव्हा सगळं गाव हळहळलं, की वाफेचं इंजिन कसं जिवंत वाटायचं, हे म्हणजे नुसतं लोखंडी कपाट. भाऊजींना त्याचा राग यायचा. "वहिनी, जुन्याचे फोटो सगळेच काढतील," म्हणायचे, "ही नवी आहेत म्हणून यांच्याकडे कोणी बघत नाही. पण हीही एक दिवस जुनी होतील, तेव्हा कुठून आणणार?" डिझेलच्या आणि विजेच्या इंजिनांचं, नुसत्या फोटोंचं एक पुस्तक छापून यावं, एवढीच त्यांची आयुष्यातली मागणी. बाकी कशाचं काही नाही. चहात साखर आहे की मीठ, हेही त्यांना सांगावं लागे.

आता यात मी कुठे आले? सांगते. फोटोत इंजिन केवढं आहे हे कळायला शेजारी काहीतरी मापाचं लागतं, असं त्यांच्या डोक्यानं घेतलं. आधी काठी उभी करून पाहिली, ती वाऱ्यानं पडली. मग ह्यांना उभं केलं, तर हे विडी ओढायला निघून गेले. उरले मी, पाच फुटाला दोन इंच कमी. काठी हलते, वहिनी हलत नाहीत, असं ठरलं आणि माझे रविवार संपले. बोईसरला मालगाडी बाजूच्या रुळावर थांबवून ठेवत, ती दुपारी. तारापूरला वीजकेंद्राचं काम जोरात चाललेलं, त्याचं सामान यायचं. डोक्यावर ऊन, पायाखाली खडी, आणि मी नऊवारी सावरत इंजिनाला टेकायचं नाही म्हणून ताठ. भाऊजी ड्रायव्हरला केळव्याच्या पानांचा विडा देऊन गप्पांत गुंतवायचे, मग माझाच ओला नॅपकिन घेऊन इंजिनाचा नंबर पुसायचे, आणि मग कुठे डब्यासारख्या त्या कॅमेऱ्यात डोकं घालायचे. एका फिल्मवर बारा फोटो, म्हणून एकेका फोटोला अर्धा तास विचार. एक सातपाटीची कोळीण टोपली उतरवून मला बघत बसायची. एकदा म्हणाली, "बाय, तुला रेल्वेनं पगारावर ठिवलीय काय? दर रइवारी हितं उबी हायस." मी म्हटलं, पगार असता तर सोडली असती नोकरी.

विजेच्या इंजिनासाठी कल्याणला जावं लागे. पहाटे निघायचं, दादरला गाडी बदलायची, भाकरी फडक्यात. पहिल्या खेपेला मला इंजिनाजवळ उभी केली आणि ऐन वेळी त्यांना वरच्या तारेची धास्ती वाटली. माझ्याकडे पुढे या म्हणाले, मी पुढे झाले, आणखी पुढे म्हणाले, आणखी झाले. फोटो धुऊन आला तर मी इंजिनाच्या अर्ध्याहून उंच. माप चुकलं म्हणून पुढच्या रविवारी पुन्हा कल्याण. त्या दिवशी माझ्या तोंडावर जो भाव होता तो त्या पुस्तकात कायमचा चिकटला आहे. काळी जाड पानं, चार कोपरे लावून फोटो, मध्ये पातळ कागद, आणि खाली पांढऱ्या शाईनं सुंदर अक्षरात. बोईसरच्या डिझेलखाली: उंची पावणेतीन वहिनी. लांबी साडेअकरा वहिनी, आडव्या.

तीन पुस्तकं भरली तेव्हा ती घेऊन भाऊजी मुंबईला एका छापणाऱ्याकडे गेले. महिन्याभरानं पुस्तकं परत आली, सोबत एक पाकीट. दोन दिवस ते टेबलाशी बसून होते, समोर पुस्तकं, पट्टी आणि दाढीचं नवं ब्लेड. तिसऱ्या दिवशी ब्लेड दाढीच्या डब्यात गेलं आणि पुस्तकं कपाटात. मी विचारलं तर म्हणाले, त्यांना वाफेचीच इंजिनं हवीत. मला, खरं सांगते, हायसं वाटलं. रविवारी दुपारी पाठ टेकता येईल म्हणून. त्यानंतर त्यांनी कॅमेरा उचलला नाही.

ते गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, असंच ऊन देताना, तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटच्या पानातून ते पत्र निघालं. छापणाऱ्यानं लिहिलं होतं, फोटो उत्तम आहेत, पुस्तक काढू. फक्त प्रत्येक फोटोच्या कडेची ती बाई कापून काढा आणि मापं फुटांत द्या. पत्राच्या मागे पांढऱ्या शाईनं लिहिलेलं, तिरपं धरल्याशिवाय न दिसणारं: वहिनी काढल्या तर इंजिन केवढं, ते कळणार कसं?

माझ्या तरुणपणाचा दुसरा एकही फोटो या घरात नाही. आहेत ते सगळे इंजिनाशेजारी, वैतागलेले.

ती इंजिनंही आता धावत नाहीत म्हणे. मीही वाकले आहे. आता मोजलं तर ते डिझेल सव्वातीन वहिनी भरेल. तेव्हा रद्दीचं नाव काढू नकोस. दिवाळी होईपर्यंत थांबू नकोस, ऊन आहे तोवर ये. पुस्तकं अंगणात नेणं आता मला एकटीला होत नाही, तू एक बाजू धर.