बाइंडिंगला गेलेलं पुस्तक

"मॅडम, असलं पुस्तक उघड्या रॅकवर? लेडीज-जेंट्स सगळे येतात इथे." आमच्या वाचनालयाच्या सेक्रेटरींनी पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं. गर्भाशयाच्या आजारांवरचं साधं पुस्तक, चित्रांसकट.

"सर, आरोग्याचं आहे."

"कंप्लेंट आलीय. बघा काय ते."

अंबरनाथच्या या वाचनालयात मी अकरा वर्षं ग्रंथपाल आहे, पण माझी नेमणुकीची ऑर्डर दरवर्षी नवी निघते. त्याच महिन्यात निघायची होती. मग मी आमचा जुना उपाय केला. पुस्तक रद्द करायला ठराव लागतो, मीटिंग लागते. त्यापेक्षा रजिस्टरमध्ये 'बाइंडिंगला' लिहायचं आणि कपाटात कोंडायचं. कोणी विचारत नाही.

सुरेखाताईंनी विचारलं. त्या एमआयडीसीत पॅकिंगला जायच्या. हे पुस्तक सासू-दिरांसमोर घरी कसं नेणार? म्हणून शिफ्ट सुटली की रीडिंग रूममध्ये बसून रोज चार पानं वाचायच्या.

"बाइंडिंगला गेलंय," मी म्हटलं. मान वर करवेना.

"कधी येईल? डॉक्टर बोलतात, पिशवी काढून टाका. गुरुवारी ॲडमिट व्हायचंय. डॉक्टरला काय काय विचारायचं ते शेवटी दिलंय त्याच्यात. मी तिथपर्यंत पोचलेच नाय."

कपाटाची किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये होती. समोर सेक्रेटरी पेपर वाचत बसले होते.

"बघते," एवढंच मी म्हणाले. लाज वाटते आता सांगायला.

बुधवारी सकाळी राहवेना. गेली ती ऑर्डर खड्ड्यात म्हटलं, पुस्तक बाहेर काढलं आणि दिवसभर दाराकडे बघत बसले. त्यांना दोनदा फोन लावला, बंद. त्या आल्याच नाहीत.

दीड महिन्याने आल्या, कठड्याला धरून एकेक पायरी चढत. मी पुस्तक पुढे केलं.

"आता काय करू, मॅडम? काढली ना पिशवी."

"डॉक्टरांना विचारलं होतं का काही?"

"काय विचारायचं तेच माहीत नव्हतं." तरी त्यांनी पुस्तक घेतलं, शेवटचं प्रकरण उघडलं आणि वाचत बसल्या. मला तिथे थांबवेना.

माझी ऑर्डर तोवर निघाली होती. त्या दिवशी सेक्रेटरींना विचारलं, "सर, ती कंप्लेंट कोणाची होती?"

"लेखी कुठे होती? एक जण जाता जाता बोलला. तुम्ही लगेच काढलंत, मग मीपण गप्प बसलो."

ग्रंथपालाने घाबरायचं तर खुशाल घाबरावं. पण आधी कंप्लेंट लेखी मागावी.