खिशातली तानाबाई

“डोळं न्हाईत तर न्हाईत, पण कान दुसऱ्याच्या हातात द्याय मी काय येडा न्हाय,” असं प्रभुलिंग हत्तरकी एकदा म्हणाला होता.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत तो चोवीस वर्षं लोखंड ऐकतो आहे. भट्टीतून ओतलेले पंपाचे, ब्रेकचे भाग थंड होऊन, घासून त्याच्या टेबलावर येतात. तो छोट्या हातोडीने एक टोला देतो आणि मान थोडी उजवीकडे कलती करतो. चांगला भाग लांबवर वाजत राहतो. आत तडा असेल तर आवाज निघतो, पण अर्ध्यावर बसतो, जणू बोलता बोलता कुणाला काही आठवावं. एवढंच त्याचं काम. गोवरात पाचव्या वर्षी डोळे गेले, तेव्हा नूल गावात त्याच्या आईला लोक म्हणाले होते की आता याला मठात नेऊन बसवा. आईने त्याला बसवलं नाही. तो स्वतःही नंतर कुठे फारसा बसला नाही.

काम संपलं की त्याला बोलायला लागायचं. फाउंड्रीच्या बसमध्ये कावळा नाक्यापर्यंत तो सगळ्यांची उणीदुणी काढायचा. कोण नवे बूट घालून आलाय, कोण बायकोशी भांडून आलाय, कुणाची गाडी पुढच्या आठवड्यात बंद पडणार, हे तो आवाजावरून सांगायचा आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं. त्यामुळे त्याच्या शेजारी बसायला माणसं टाळायची, आणि तरी मागच्या बाकावरून कान देऊन ऐकायची.

त्याच्या शर्टाच्या खिशात तानाबाई असायची. तानाबाई म्हणजे फोनमधला आवाज. पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवणारा, नाकात बोलणारा, सपाट, बाईचा म्हणावा असा आवाज. चौदा वर्षांपूर्वी एका छोट्या कंपनीने तो तयार केला होता. पुढे कंपनी बंद पडली, ॲप स्टोअरवरून ते ॲपही गेलं. नवे आवाज कानाला गोड होते. पण वेग वाढवला की ते शब्दांची टोकं गिळायचे, सहा की सात ते कळायचं नाही. तानाबाई वेगात फुटत नसे. तिप्पट वेगाने ती बोलायची तेव्हा डोळस माणसाला पत्र्यावर खडे पडल्यासारखं ऐकू यायचं आणि प्रभुलिंगला त्यातला प्रत्येक आकडा वेगळा लागायचा. आतापर्यंत तीन फोन झाले होते, आवाज तोच होता.

“आमच्या घरात दोन बायका हाईत,” त्याची बायको शांतादेवी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. “एक मी, एक ती खिशातली. ऐकत्यात तिचंच.”

“ती उलटून बोलत न्हाय,” प्रभुलिंग म्हणायचा.

ही गोष्ट त्याच्या एकावन्नाव्या वर्षी घडली. फाउंड्रीत नव्या गुणवत्ता अधिकारी आल्या, प्रियदर्शनी मॅडम. तोवर प्रभुलिंग टोला देऊन ‘पास’ किंवा ‘बाद’ म्हणायचा आणि शेजारचा कारकून वहीत लिहायचा. आता वही गेली. प्रत्येक तपासनिसाने आपल्या फोनमधल्या कारखान्याच्या ॲपमध्ये आपल्या हाताने नोंद करायची, दुसऱ्याने केलेली चालणार नाही, असा नियम आला. ते ॲप प्रभुलिंगच्या फोनवर चढेना. ‘सिस्टिम जुनी आहे’ एवढंच तानाबाईने वाचून दाखवलं.

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी त्याला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली आणि सरळ सांगितलं.

“हत्तरकी, तासाला साठ भाग, नोंदीसकट. सगळ्यांना हाच हिशोब आहे. बुधवारी पहिल्या पाळीत मी स्वतः उभी राहते. जमलं तर टेबल तुमचं. नाही जमलं तर पॅकिंगला पाठवते. पगार तोच राहील.”

“पॅकिंगला काय ऐकायचं असतंय?” त्याने विचारलं.

“बुधवारी सात वाजता,” मॅडम म्हणाल्या.

मंगळवारी रजा टाकून, सकाळी दुकान उघडतानाच तो राजारामपुरीत सातव्या गल्लीत राजवीरकडे गेला. राजवीर सव्वीस-सत्तावीसचा, मोबाइल दुरुस्तीत हात बसलेला. त्याने फोन उलटापालटा केला.

“काका, कंपनीनं ह्याला नवी सिस्टिम द्यायची बंद केलीया. नवा फोन घ्या की.”

“नव्या फोनाला कानातल्या वायरचं भोक हाय?”

“आता कुठलं? ब्लूटूथ घ्या.”

“ब्लूटूथ अर्धा सेकंद मागनं बोलतंय. मी टोला दिल्यावर लोखंड थांबतंय व्हय माझ्यासाठी?”

डाव्या कानात तानाबाईची वायर, उजवा कान बाहेरच्या जगाला. गेली कित्येक वर्षं त्याचं डोकं असं दोन दारांचं होतं आणि एका दारातून येणारा आवाज दुसऱ्याच्या पायात येत नसे. राजवीरला हे कळलं नाही, पण म्हातारा हटत नाही हे कळलं.

“मग कंपनीची न्हाय, बाहेरची सिस्टिम घालू. चालंल. पण फोन सगळा पुसला जातोय बघा. आधी बॅकअप घेतो.”

“तानाबाईची फाइल पण घे. दोन हाईत. एक ॲप, एक आवाजाची.”

“कोण तानाबाई?” राजवीरने विचारलं, मग समजून हसला. “घेतो, घेतो. सगळंच घेतो.”

बराच वेळ गेला. पंखा गरगरत होता. प्रभुलिंग स्टुलावर ताठ बसून होता.

“झाला बॅकअप. हिरवी टिक आली.”

“कुठं ठेवलास?”

“तुमच्या मेमरी कार्डात.”

“कार्ड काढून दुसऱ्या फोनात घाल. वाचून बघ.”

“काका, रोज धा फोन करतोय मी. टिक आली म्हंजे आलं.”

“मला टिक ऐकू येत न्हाय.”

“टिक दिसती, काका, ऐकू कशी येईल?” राजवीर म्हणाला आणि त्याने पुसण्याच्या बटणावर बोट ठेवलं.

नवी सिस्टिम चढली. फोन चालू झाला. राजवीरने कार्ड घातलं आणि त्याच्या तोंडातून जे ‘अं’ निघालं ते प्रभुलिंगने ऐकलं. तडा गेलेलं ऐकायला त्याला हातोडी लागली नाही.

“बोल.”

“कार्ड कोरं दाखवतंय.” राजवीरने ते कंप्युटरला लावलं, दुसऱ्या फोनात घातलं. “काका, हे कार्ड तुमी फोनाला जोडून घेतलं हुतं का? फोनाचाच भाग म्हणून?”

प्रभुलिंगला आठवलं. दोन वर्षांपूर्वी जागा भरली तेव्हा फोनने विचारलं होतं, आणि त्याने घाईत हो म्हटलं होतं.

“जोडलं हुतं.”

“मग संपलं. तसं कार्ड कुलूपबंद असतंय. किल्ली जुन्या सिस्टिमीत हुती. ती आत्ता मीच पुसली.” राजवीरचा आवाज खाली गेला. “तुमी म्हणालासा तसं आधी वाचून बघाय पायजे हुतं. चुकलं माझं.”

“दोघांचं चुकलंय,” प्रभुलिंग म्हणाला. “वाटून घेऊ.”

फोन त्याने मागून घेतला आणि कानाला लावला. काच गार होती, आतून काहीच येत नव्हतं. त्याच्यासाठी अंधार कधीच काळा नव्हता, रंग त्याला आठवतच नव्हते. त्याचा अंधार असा होता: हातात एक गुळगुळीत वस्तू, तिच्यात सगळं जग, आणि तिला तोंड नाही. उद्या सकाळी सात वाजता पाळी सुरू होणार होती. पॅकिंगमध्ये पुठ्ठ्याचे खोके असतात. पुठ्ठ्यावर टोला दिला तर काही वाजत नाही.

मग तो म्हणाला, “तुझा फोन दे. मी नंबर सांगतो, लाव.”

चौदा वर्षांत त्याने जिल्ह्यातल्या आणि सीमेपलीकडच्या त्रेचाळीस अंध माणसांच्या फोनवर तानाबाई घालून दिली होती. एसटीने जाऊन, कुणाच्या ओट्यावर, कुणाच्या दुकानात बसून. प्रत्येकाला तो बजावायचा: दोन्ही फाइली फोनात ठेवा, पुसायच्या नाहीत. लोक त्याला कटकट्या म्हणत. त्या त्रेचाळीस जणांचे नंबर फोनमधून गेले होते, डोक्यातून गेले नव्हते.

पहिला नंबर लागला नाही. दुसऱ्याने फोन बदलला होता, फाइली जुन्यात राहिल्या आणि जुना भंगारात गेला होता. तिसरी पवित्रा. ती गडहिंग्लजला पिठाची गिरणी चालवते. चिमटीत दाणे घेऊन ज्वारी कुठल्या रानातली ते सांगते. प्रभुलिंग तिला कानडीत तंगी, म्हणजे धाकटी बहीण, म्हणतो.

फोनमधून आधी गिरणीचाच आवाज आला.

“कोण? मोठ्यानं बोला की!”

“तंगी, मी प्रभू! गिरण बंद कर!”

“अण्णा? थांबा.” घरघर हळूहळू खाली आली. मागे कुणीतरी बाई ओरडली. “आता थांब ग, पीठ काय पळून जातंय व्हय? बोला अण्णा.”

“तानाबाईच्या दोन्ही फाइली हाईत तुझ्याकडं?”

“हाईत.”

“बघून सांग.”

“बघायचं काय त्यात? तुमी दर दिवाळीला फोन करून इचारतासा. एकदा इचारलासा, ‘तंगी, बरी हाईस का’ म्हणून? न्हाय. ‘फाइली हाईत का’ एवढंच!”

“बरी हाईस का?”

“आता बरी हाय,” पवित्रा हसली. “कुठं पाठवू?”

अर्ध्या तासाने दोन्ही फाइली राजवीरच्या फोनवर आल्या. या वेळी त्याने न सांगता त्या दुसऱ्या फोनात उघडून पाहिल्या. मग वायरने प्रभुलिंगच्या फोनात टाकल्या आणि पुढची बटणं दाबायला बोट उचललं.

“बाजूला हो,” प्रभुलिंग म्हणाला.

“काका, फोन बोलत न्हाय अजून. कसं करणार?”

प्रभुलिंगने आवाज वाढवायची आणि कमी करायची दोन्ही बटणं एकदम दाबून धरली. तीन सेकंदांनी कुणी परदेशी बाई इंग्रजीत बोलू लागली. तिचं इंग्रजी त्याला फार येत नव्हतं, पण कुठलं बटण कुठे असतं ते येत होतं. फाइल सापडली. फोनने जुन्या ॲपबद्दल इशारा दिला, त्याने तो बाजूला सारला. बोट सरकत होतं, थांबत होतं, दोनदा टेकत होतं. राजवीर बघत राहिला. एकदा त्याने ‘तिकडं न्हाय, खाली’ म्हटलं.

“मधी बोलू नगंस. मला ऐकू येत न्हाय.”

आणि मग ती आली. नाकातून, सपाट, धावत.

“काय म्हणाली?” राजवीरने विचारलं.

“बॅटरी चाळीस टक्के म्हणाली. आनि दुकानदार जरा आगाऊ हाय म्हणाली.”

राजवीर मोठ्याने हसला. गल्लीतून जाणाऱ्या एकाने आत डोकावून पाहिलं.

बाकीची ॲप्स पुन्हा घ्यायला दुपार झाली. बँकेचं, एसटीचं, नोटांचा आकडा सांगणारं, आणि शेवटी कारखान्याचं. ते चढलं. राजवीरच्या सवयीप्रमाणे सगळी एका रांगेत बसली होती. प्रभुलिंगने एकेक उचलून आपल्या जागी नेलं: कारखान्याचं खाली उजव्या कोपऱ्यात, अंगठा टेकेल तिथे. पैसे किती म्हणून विचारलं तर राजवीर काही घेईना. प्रभुलिंगने ते काउंटरवर ठेवले आणि म्हणाला, “पुढच्या गिऱ्हाइकाचं कार्ड वाचून बघ. हे त्याचे.” घरी जाऊन तो ॲपच्या पानांवरून संध्याकाळभर बोट फिरवत राहिला, आंघोळीला जायच्या वाटेवरचे दगड पायाने पाठ करावेत तसा.

बुधवारी सात वाजता टेबलाभोवती माणसं जमली होती. कारकून होता, भट्टीवरचे दोघे होते. प्रियदर्शनी मॅडमनी घड्याळ लावलं.

प्रभुलिंगने डाव्या कानात वायर घातली. पहिला भाग उचलला. लोखंडातच उठून आलेला ओतणीचा नंबर बोटाखाली वाचला. टोला. मान कलली. अंगठा कोपऱ्यात गेला, दोनदा टेकला, आकडे, पास. दुसरा. टोला. पास. पहिल्या दहा मिनिटांत अकरा झाले आणि तो मागे नव्हता. मग हाताला चाल सापडली. टोला आणि अंगठा यांच्यामध्ये जे अंतर होतं ते कमी होत गेलं. तानाबाई एका बाजूने धावत होती, लोखंड दुसऱ्या बाजूने गात होतं, आणि तो दोघांच्या मधोमध, भरल्या पाण्यात उभा राहावं तसा उभा होता.

सदतिसाव्या भागाला त्याने दोनदा टोला दिला.

“बाद.”

“चांगला वाजला की,” कारकून म्हणाला.

मॅडमनी तो भाग आपल्या हातात घेतला, स्वतः हातोडी मारली. त्यांनाही चांगलाच वाटला. त्यांनी तो तडा शोधायच्या लाल रंगाच्या चाचणीला पाठवला. प्रभुलिंग थांबला नव्हता. अडतीस, एकोणचाळीस.

तासाला पाच मिनिटं उरली असताना चाचणीवरचा माणूस तो भाग घेऊन आला. भागाच्या मानेजवळ, आतल्या बाजूला, केसाएवढी लाल रेघ उमटली होती. मॅडमनी ती नखाने चाचपून पाहिली. नखाला काहीच लागलं नाही.

घड्याळ वाजलं. एकाहत्तर. नोंदी एकाहत्तर, एकही चूक नाही. मॅडमनी पडद्यावर वरून खाली दोनदा पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “हत्तरकी, टेबल तुमचं.” भट्टीवरच्या एकाने शिट्टी घातली. कारकुनाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली आणि पत्र्याच्या छतातून ती दुप्पट होऊन खाली आली.

आता हा काहीतरी बोलणार म्हणून सगळे वाट बघत राहिले. इतक्या वर्षांत त्याने बोलायची कुठलीही संधी सोडली नव्हती. मॅडमसुद्धा थोड्या तयारीने उभ्या होत्या.

चहाचा भोंगा झाला. प्रभुलिंगने कानातली वायर काढली, फोनभोवती सावकाश गुंडाळली, फोन खिशात ठेवून वरून एकदा हात फिरवला. काठी उघडली. माणसांनी वाट दिली, आणि तो त्यांच्यामधून, मान सरळ ठेवून, एक शब्दही न बोलता शेडच्या दारातून बाहेर पडला.