पदर झटकून

माझी थोरली बहीण कुणाच्याही घरून निघताना दाराबाहेर थांबते आणि पदर झटकते. लग्नघरातून, दवाखान्यातून, देवळातूनसुद्धा. तांदळाच्या कारखान्यात तिने रेजा म्हणून, म्हणजे मजूरबाई म्हणून, उमेदीची सगळी वर्षं काढली, तिथली ही सवय. संध्याकाळी सुटी झाली की गेटवर बायांची रांग लागायची. एकेकीने गार्डासमोर यायचं, खोचलेला पदर सोडायचा, पसरायचा आणि दोनदा झटकायचा. दाणा पडला नाही की गार्ड म्हणायचा, "जा." मग पुढची. कुडव्याला आमच्या घरी येऊन ती परत निघाली की माझी बायको हसायची, "बाई, इथं कोन तपासून राहिलं तुमाले?" मग तीही हसायची. थोरल्या बहिणीला आम्ही बाई म्हणतो.

गोंदियात राइस मिलींची काही कमी नाही, पण हा कारखाना त्यातला नव्हता. इथे सुवासिक तांदूळ पॉलिश होऊन परदेशी जायचा. बाया लांबलचक टेबलांवर वाकून काळे दाणे, तुकडा, खडे वेचायच्या. दिवसभर हात त्या तांदळात, आणि घरी येऊन रांधायचा आपल्या बांधीतला, घरच्या शेतातला, जाडा तांदूळ. त्याचं त्यांना काही वाटत नसे. बाईचं सासर चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावरचं गाव आहे. धान चांगला होतो, घरची धान्याची ढोली कधी रिकामी नसते. हे मी मुद्दाम सांगतो आहे. आमच्या भागात कुणाच्या घरी तांदूळ नाही म्हणणं म्हणजे त्या घराची अब्रू काढणं.

आई शेवटच्या आजारात बाईकडे होती. अन्न जात नव्हतं. बाई कामावरून आली की आई तिला जवळ बसवून घ्यायची आणि तिच्या लुगड्याचा वास घ्यायची. "कायचा वास येते व तुह्या लुगड्याले? याचा भात कसा लागत असन?" असं दोन-चार दिवस चाललं. एका संध्याकाळी बाईने मूठभर तांदूळ पदराच्या टोकाला बांधला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. गाठ मारायला हात सराईत नव्हता, गार्डासमोर गाठ सुटली आणि तांदूळ खाली सांडला. सगळ्या रांगेदेखत तिला तो वेचायला लावला, दाणा न् दाणा, आणि परत पोत्यात टाकायला लावला. मुकादमाने हातापाया पडून तिचं काम वाचवलं. आई त्यानंतर थोडेच दिवस होती.

आईच्या तेरवीला, पंगत उठल्यावर, घरामागे भांडी घासता घासता बाईने मला हे सांगितलं. तोच तांदूळ दुकानात पिशवीत मिळत होता. मी शाळेत मराठी शिकवणारा पगारदार माणूस, एक पिशवी आणून देणं मला जड नव्हतं. पण आईने तो वास बाईच्या लुगड्यात घेतला होता आणि त्या मायलेकींच्या बोलण्यात मी कुठे नव्हतोच. "माय तशीच गेली," बाई म्हणाली. मग म्हणाली, "कोनाले सांगू नको, बापू." मी म्हटलं, नाही सांगणार.

पुढे कारखाना बुडाला. कंपनीने तांदळाच्या नावावर कर्ज उचललं आणि भलत्याच धंद्यात घातलं, असं लोक बोलत होते. एका सकाळी बायांना घेऊन जाणारी गाडी आलीच नाही. बाया पायी गेल्या तर गेटला कुलूप. काही महिन्यांनी बातमी आली की सरकार कंपनीला हात देणार, बँका कर्ज सोडणार. त्याच्या मागोमाग दुसरी बातमी आली की कंपनीच्या एमडी साहेबांचा पगार वाढला. कंपनी बुडाली ती यांच्या हाताखाली, आणि पगारवाढ का, तर एवढा अनुभवी माणूस सोडून गेला तर कंपनी पुन्हा बुडेल! मी पेपर वाचत वाचत शिक्षकांच्या खोलीत ओरडलो होतो. शिपाई पाणी घेऊन आला. त्या दिवसांत चहाच्या टपरीपासून बस स्टँडपर्यंत दुसरा विषय नव्हता, आणि लोक जे बोलत होते त्यातला शब्दही खोटा नव्हता.

आमच्या भागाचे नेते तेव्हा विरोधी पक्षात होते. त्यांची भाषणं मी लिहून द्यायचो. पैशासाठी नाही. मी लिहिलेल्या वाक्यावर हजारो लोक टाळ्या वाजवतात आणि मंडपाच्या कडेला उभा राहून मी त्या ऐकतो, एवढंच माझं व्यसन. कारखान्याच्या गेटवर मोठी सभा ठरली, तेव्हा ते माझ्या घरी आले. मी लिहिलेलं वाचून त्यांनी कागद खाली ठेवला. "सर, पॅकेज, कर्ज, पगार, ये सब तो पेपर में है. दिल को लगे ऐसा कुछ दो ना."

आणि मी दिलं. विचार करायला मला चहा संपेपर्यंतचा वेळही लागला नाही. बाईची मूठ मी त्यांच्या हातात ठेवली. वर तिला घासूनपुसून दिली. आईने लुगड्याचा वास घेतला, यावर कोण पेटणार? म्हणून मी लिहिलं, भुकेल्या लेकरांसाठी. घरात तांदळाचा दाणा नव्हता, असं लिहिलं. नाव घातलं नाही, आणि नाव घातलं नाही याचं मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

सभा भर दुपारी झाली. बाया पुढे, जमिनीवर. नेत्यांनी आवाज खाली आणला, रुमाल डोळ्याला लावला. "त्या माउलीला मूठभर तांदळासाठी पदर झटकायला लावला. आणि ज्याने अख्खा कारखाना पदरात बांधून नेला, त्या साहेबाला कुणी झटकायला सांगितलं?" मग जो आवाज उठला तो मी आयुष्यात पुन्हा ऐकला नाही. बाया उभ्या राहिल्या आणि कारखान्याच्या गेटकडे तोंड करून पदर झटकू लागल्या, शेकडो पदर, लाल, हिरवे, फाटके. माझ्या अंगावर काटा आला. आपण लिहिलं म्हणून आला, हे आता सांगायला लाज वाटते. त्यात एकटी आमची बाई बसून होती. उभ्या असलेल्या बाया तिच्याकडे वळून वळून बघत होत्या. त्या संध्याकाळी गार्डासमोरच्या रांगेत त्या सगळ्या होत्या की.

रविवारी मी तिच्या गावी गेलो. तिने पाणी दिलं, आणि मग माझ्या मनगटाला धरून आतल्या खोलीत नेलं. ढोलीवरचं झाकण काढलं आणि आत बोट दाखवलं. "पाय."

मी वाकून आत बघितलं.

"पाय ना! माह्या घरी तांदूळ नव्हता का रे, बापू? माह्या लेकरायले मी उपाशी ठेवलं? आंगनात सासरा बसून हाय, त्याच्या कानी हे गेलं. थो कालपासून जेवला नाही."

"नाव तर घेतलं नाही ना, बाई."

"नाव कायले लागते? पदर तं माहाच होता."

मी सांगू लागलो की याने तुमचंच काम परत मिळेल, सरकार घाबरलं आहे, पेपरात पहिल्या पानावर आलं आहे. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मायचा वास तरी ठेवाचा होता रे त्यात." ही सगळी गोष्ट आता लिहू का, असं मी गेल्या महिन्यात तिला विचारलं, तेव्हाही तिने एवढीच अट घातली. "लिय. पन तांदूळ कायले नेला होता, थे या खेपेले बराबर लिय."

पुढच्या सभेत तिला स्टेजवर बसवलं. नेते सगळ्यांसमोर तिच्या पाया पडले. फोटो आला. तिचा चेहरा त्या फोटोत वर्गात बाकावर उभ्या केलेल्या पोरीसारखा आहे. पण काम परत मिळेल ही आशा तिला लागली होती, म्हणून ती बसली. तिला ते काम हवं होतं. मुलं कमावती झाली होती, पोटाचा प्रश्न नव्हता. तिला त्या गेटातून पुन्हा आत जायचं होतं, सगळ्यांच्या देखत, आणि संध्याकाळी कोरा पदर झटकून बाहेर यायचं होतं. हे तिने मला अगदी याच शब्दांत सांगितलं होतं.

मग नेते सत्तेच्या बाजूला गेले. विकासासाठी. त्यांना पद मिळालं, आणि कंपनीला हात देण्याची तीच योजना आता माय-बहिणींच्या चुली पेटवणारी योजना झाली. एमडी साहेब होते तिथेच होते, वाढलेला पगार पदरात पाडून. मी एकदा हिंमत करून त्याबद्दल विचारलं. नेते म्हणाले, "बडा आदमी टिकवायचा तर बडा पगार द्याच लागते, सर. मार्केट है." या माणसाच्या तोंडून साहेबाला मी लुटारू म्हणवलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही.

कारखाना पुन्हा सुरू होण्याच्या समारंभाचं सूत्रसंचालन माझ्याकडे आलं. मी हो म्हटलं. बाईच्या कामासाठी शब्द टाकायला संधी मिळेल, असं मी घरी सांगितलं आणि ते खरंही होतं. माइकसाठीही म्हटलं, तेही खरं. सकाळी पोहोचलो तर गेटवर परत घेतलेल्या बायांची यादी लागलेली. दाणे वेचायला आता मशीन आली होती, म्हणून यादी आखूड. मी ती वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. बाईचं नाव नव्हतं.

नेते गाडीतून उतरत होते. मी त्यांना बाजूला घेतलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आवाजात खरंच माया होती.

"सर, मी बोललो होतो त्यांच्याशी. पर वो लोग कहते हैं, रेकॉर्ड साफ होना. तिच्या पदरातून तांदूळ पडला, हे आता पूर्ण जिल्ह्याला माहीत आहे. आपने ही तो लिखा था."

"आणि साहेबाचं रेकॉर्ड?"

ते हसले. "वो भाषण में अच्छा लगता है, सर. चला, टाइम झाला."

मी तिथून परत फिरायला हवं होतं. गाडी उभी होती, किल्ली खिशात होती. मी स्टेजच्या पायऱ्या चढलो, माइक हातात घेतला आणि एमडी साहेबांचं स्वागत केलं. आवाज छान लागला होता. यादीतल्या बाया पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या.

चार दिवसांनी बाई आमच्याकडे आली. यादीचं तिला कळलंच असणार, गावात काय लपतं? तरी तिला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी सगळं सांगितलं. रेकॉर्डचं सांगितलं, मी सूत्रसंचालन केलं तेही सांगितलं. ती चहा प्यायली. माझी बायको नको नको म्हणत असताना आपला कप स्वतः विसळून पालथा घातला. पिशवी उचलली.

दाराबाहेर ती थांबली. मी दारातच होतो. तिने खोचलेला पदर सोडला, दोन्ही हातांनी पसरला आणि दोनदा झटकला. माझ्या बायकोला सवयीने हसू आलं, तिने "बाई, इथं कोन..." म्हणून तोंड उघडलं आणि मध्येच थांबली. बाई हसत नव्हती. जातही नव्हती. पदर तसाच पसरून ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. ती कशासाठी थांबली आहे, हे कळायला मला वेळ लागला. ती हलेना.

"जा, बाई," मी म्हणालो.

मग ती गेली.