मामीची झील

माझा मामा लासुर्ण्याकडचा जागरणात गाणारा. लग्नघरी जागरण असलं की मामा गावोगावच्या देवांना हाका मारायचा आणि ओळीचा शेवट मागून मामी उचलायची. याला झील धरणं म्हणतात. रात्रभर देव बोलवायचे यांनी, आणि जेवायला बसायचं सगळ्यांत शेवटी, तेही बाजूला. हे मी आमच्या संघटनेच्या पत्रकात लिहिलंय, इथंही लिहिते.

मामी गेली. मग मामानं बारामतीत बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि तुणतुणं खुंटीला लावलं ते लावलंच.

गावाला पंचाईत पडली ती जागरणाची. चौकात एकानं टोमणा मारला, "काय बुवा, देव बोलवून दमला व्हय? आता आमच्या पोराच्या जागरणाला कोण?"

मामा म्हणाला, "मोबाईलमधला मी हाय की. त्यो फुकट गातो, वर जेवाया बी मागत न्हाय."

आमचे कार्यकर्ते त्याहून थोर. म्हणे, इंदापूरच्या सभेत मामाला उभं करू, जुनी गाणी खोटी होती हे त्याच्याच तोंडून येऊ दे. पत्रक मी लिहायचं. मी मामाला विचारायला गेले.

"मी खोटं गायलो म्हणतो, मला काय," तो म्हणाला. "पण मागं ती गात व्हती, पोरी. ती बी खोटी म्हणू का? तिला इचाराया कुठं जाऊ?"

पत्रक लिहिलं नाही. माणसानं नवं काही धरायचं तर आधी चारचौघांत स्वतःवर थुंकायचं, ही कुठली अट? अशी अट घालणारे आणि वेगळी पंगत मांडणारे, मला फरक दिसेना. बैठकीत तसंच बोलले. कुणाला आवडलं नाही.

पुढं मामानंच काम सांगितलं. मोबाईलमधल्या जुन्या जागरणाच्या रेकॉर्डिंगमधून त्याचा आवाज काढून टाकायचा. "मी आता त्या देवांना हाका मारत न्हाय. तिचं तेवढं ऱ्हाऊ दे."

बारामतीचा स्टुडिओवाला म्हणाला, दोघं एकाच माइकवर गायलेत, आवाज सुटे होणार नाहीत. मामा एकटा गातो तेवढा भाग गप्प करता येईल. मी म्हटलं, करा.

मामानं कॉटवर बसून ऐकलं. बराच वेळ काहीच नाही, मग मामीचा एक शब्द. परत काही नाही. परत शब्द. नुसते ओळींचे शेवट.

"कुणाला साथ देतीया ही?" मामानं विचारलं.

त्यानं मोबाईल उशीखाली सारला, बंद केला नाही. उशीखालून मामी थांबून थांबून गात राहिली.