कोळशाच्या मोटारीनं माहेरी

माझं सासर सांगलीजवळ कृष्णाकाठी आणि माहेर खंबाटकी घाटाच्या पलीकडे, खंडाळ्याला लागून. लग्न ठरलं तेव्हा हे अंतर कुणाला खुपलं नाही. लढाई अजून साहेबाच्या मुलखात होती आणि मोटारी पेट्रोलवर चालत होत्या. सकाळी न्याहारी करून सांगलीहून निघालेला माणूस साताऱ्याला मोटार बदलून संध्याकाळी आमच्या गावच्या फाट्यावर उतरायचा. पहिल्या वर्षी तशीच मी दोनदा माहेरी जाऊन आले. मोटारीच्या खिडकीत बसून मागे पळणारी वडाची झाडं बघायला मला आवडायचं.

मग पेट्रोल लढाईवर गेलं. माणसंही गेली. आमच्या गावात घरटी एक तरी फौजेत होता. माझा नवरा दुसऱ्या वर्षी गेला. मधे एकदा रजेवर आला, आणि परत गेला तो आगबोटीतून सिलोनच्या बेटावर. तो गेल्यावर महिन्या-दीड महिन्यात मला दिवस गेल्याचं कळलं.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. सातवा सरत आला तेव्हा आबा मला न्यायला आले. आबा म्हणजे माझे वडील. येताना त्यांना तीन ठिकाणी मुक्काम करावा लागला होता. धोतर धुळीनं लाल झालेलं, डोळे चुरचुरत होते. सासूबाईंनी त्यांना पाय धुवायला पाणी दिलं आणि तिथंच विषय काढला.

"आवं पाव्हणं, वाटा आता पैल्यासारख्या ऱ्हायल्या न्हाईत. हितंच हूंद्या की बाळंतपण. गावात सुईण हाय, मी हाय."

"खरं हाय तुमचं," आबा म्हणाले, "पर तिची आई वाटंकडं डोळं लावून बसलीया. लेक एवढी एकच. मी जपून न्हेतो."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "तुजं काय म्हणणं हाय?"

मी म्हटलं, "जाते." सोळा-सतरा वर्षांच्या मुलीनं दुसरं काय म्हणावं? सासूबाईंनी मग वाद घातला नाही. शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले, बैलगाडीत दोन गोधड्या दुमडून घातल्या आणि गाडी वेशीबाहेर पडेपर्यंत त्या गाडीला हात लावून चालत राहिल्या.

आबांचा बेत आगगाडीचा होता. मिरजेला बसायचं, लोणंदला उतरायचं, पुढे बैलगाडी. धक्के कमी. मिरजेच्या फलाटावर आम्ही उन्हात बसून राहिलो. पहिली गाडी आली ती सगळी फौजेची. तिच्यात आम्हाला जागा नव्हतीच. दुसरी आली तेव्हा माणसं दारांना लोंबकळत होती. आबांनी मला हाताशी धरून एका डब्यापासून दुसऱ्या डब्यापर्यंत नेलं. प्रत्येक दारातून एकच उत्तर, जागा न्हाई. एका म्हाताऱ्या बाईनं माझ्या पोटाकडे बघून आत सरकायचा प्रयत्न केला, पण तिच्या मागची माणसं हलली नाहीत. शिट्टी झाली, गाडी गेली. फलाटावर आमच्यासारखी कितीतरी माणसं बोचकी घेऊन तशीच उभी राहिली. कुणी चिडलंसुद्धा नाही.

"उद्या परत बघायचं का?" मी विचारलं.

"उद्या तरी कुठली निराळी गाडी येनार हाय?" आबा म्हणाले.

म्हणून आम्ही सांगलीला येऊन मोटार धरली. त्या मोटारीच्या मागच्या अंगाला लोखंडाचं एक पिंप जोडलेलं होतं. त्यात कोळसा पेटवायचा, त्याच्या धुरातून निघणाऱ्या गॅसवर मोटार चालायची. क्लीनर त्या भट्टीच्या पंख्याचा दांडा फिरवत बसे. घामानं आणि काजळीनं त्याचं तोंड ओळखू येत नव्हतं. भट्टी पेटायला आमची सकाळ गेली. मोटार निघाली तीही बैलगाडीच्या पुढे जेमतेम. दर थोड्या वेळानं थांबायची; राख पाडायची, कोळसा घालायचा, पुन्हा पंखा. मागून येणारा धूर आत भरत होता. मला उलट्या होत होत्या आणि आबा पदराच्या टोकानं माझं तोंड पुसत होते. आमच्या घरात पुरुषमाणसानं बाईच्या पदराला असा हात लावला नसता. त्या प्रवासात तो संकोच कुठल्या कुठे गेला.

कराडपर्यंतच दिवस मावळला. धर्मशाळेत पडलो. दुसऱ्या दिवशी कराडहून निघायला दुपार झाली, कारण मोटार होती पण कोळसा आला नव्हता. साताऱ्याला पोचलो तर एक मोटार गेलेली, दुसरी माणसांनी भरून नुसती उभी. तिथं स्टँडवर एक मास्तर घड्याळ लावून बसलेले असत. पूर्वी त्यांच्या पाठीमागे फळ्यावर मोटारींच्या वेळा खडूनं लिहिलेल्या मी पाहिल्या होत्या. आता फळा पुसून कोरा ठेवला होता. आबांनी त्यांना विचारलं, "पुण्याकडची मोटार कवा सुटंल?"

"भरली की," मास्तर म्हणाले.

"भरलीया की."

"मग पेटली की."

त्यात थट्टा नव्हती. त्या माणसाला त्याहून जास्त काही ठाऊक नव्हतं. मोटार त्या दिवशी पेटलीच नाही; तो मुक्काम आम्ही साताऱ्यात आबांच्या ओळखीच्या घरी केला. त्या घरच्या बाईंनी माझे सुजलेले पाय गरम पाण्यात घातले आणि आबांना म्हणाल्या, "चार दिस थांबा हितं." पण आठवा महिना जवळ येत होता, आणि आठव्यात प्रवास करू नये असं सगळेच मानत. थांबायचं तर तिथंच बाळंतपण करावं लागणार. परक्याच्या घरी ते कसं? आबांनी मांडीवरचं पागोटं उचलून डोक्याला घातलं. मग म्हणाले, "आता घाट तेवढा ऱ्हायलाय, पोरी."

दुसऱ्या दिवशी घाटाच्या पायथ्याला वेळे गावापाशी मोटार थांबली. ड्रायव्हर खाली उतरून मोठ्यानं म्हणाला, "समद्यांनी उतरा. भरलेली गाडी चढ घेत न्हाई. वर गेल्यावर थांबतो."

आबा त्याच्याकडे गेले. "गड्या, पोर दोन जिवांची हाय. तिला तेवढी बसू दे."

ड्रायव्हरनं माझ्याकडे बघितलं. "बसू द्या की. आमी बी माणसंच हाव."

मी एकटी मोटारीत राहिले. बाकीची माणसं मागून ढकलू लागली. पहिलं वळण मोटारीनं घेतलं. दुसऱ्याला ती धापा टाकू लागली आणि मग तिचा दमच संपला. ती मागे सरकली. मागची माणसं ओरडली, कुणीतरी चाकाखाली दगड लावला. खिडकीतून मला खाली थेट दरी दिसली. ड्रायव्हर पुन्हा सुरू करी, ती पुन्हा मागे येई. तिसऱ्या वेळेला दगडही घसरला. मी दार उघडून खाली उतरले. कुणी मला उतर म्हणालं नाही. ड्रायव्हर मान खाली घालून म्हणाला, "ताई, सावकाश या. मी थांबतो वर. कितीबी येळ लागू द्या."

मोटार रिकामी झाली तशी कण्हत-कण्हत वर गेली. आम्ही चालू लागलो. चैत्राचं ऊन, रस्त्याला सावली नाही. आबांनी एक हात माझ्या पाठीला लावला होता आणि दुसऱ्या हातानं छत्री धरली होती. थोडं चाललं की मी कठड्यावर बसायचे. अशीच बसले असताना वरून घरघर ऐकू आली. फौजेच्या लॉऱ्यांचा तांडा उतरत होता. एकामागून एक, संपता संपेना. आम्हाला कठड्याला चिकटून उभं राहावं लागलं. त्यांच्या धुरात पेट्रोलचा वास होता. मला तो कित्येक दिवसांनी आला. आबांनी छत्री खाली ठेवली आणि दोन्ही हात वर केले. पहिली लॉरी गेली, दुसरी गेली. एका लॉरीतल्या पोरसवदा शिपायांनी हात हलवून रामराम केला. त्यांना वाटलं असेल, म्हातारा फौजेला निरोप देतोय. थांबायचा त्यांना हुकूम नसेल. थांबून तरी ते आम्हाला उलट्या दिशेला कसे नेणार होते?

लॉऱ्या गेल्या, धूळ खाली बसली, आणि माझ्या कमरेतून कळ आली. आधी वाटलं चालण्यानं असेल. दुसऱ्या कळेला मी आबांचा हात इतका घट्ट धरला की त्यांना कळलं. वर मोटारीकडे धावावं की माझ्यापाशी थांबावं, हे त्यांना ठरवता येईना. ते चार पावलं वर जात आणि परत येत.

वळणाच्या आतल्या अंगाला, डोंगराच्या कपारीत, माणदेशाकडच्या धनगरांची मेंढरं बसली होती. त्यांच्यातली एक थोराड बाई आबांची ती धावपळ बघून खाली आली. तिनं माझ्या पोटावर हात ठेवला आणि आबांना म्हणाली, "आवं बाबा, तिकडं तोंड करून हुबं ऱ्हावा. आता हिला हितनं हलवायची न्हाई."

दोघीतिघींनी घोंगड्यांचा आडोसा केला. मेंढरांच्या वासात, दगडाला पाठ टेकून मला मुलगी झाली. ती रडली, पण मांजराच्या पिलासारखी. त्या बाईनं तिला मऊ लोकरीत गुंडाळून माझ्या छातीशी दिलं. "उब मोडू दिऊ नगंस," ती म्हणाली, "लय लवकर आलीया, बया." मी तिला विचारलं, जगेल का. ती म्हणाली, "आमच्या कोकराला आमी असंच धरतो." तिनं याहून जास्त काही सांगितलं नाही.

ड्रायव्हर खरंच थांबला होता. क्लीनर आणि दोन प्रवासी खाली आले, त्यांनी मला घोंगडीच्या झोळीत घालून वर नेलं. एवढ्या वेळात भट्टी विझली होती, पण मोटारीतलं कुणी कुरकुरलं नाही. पलीकडचा सगळा उतार. उतारावर कोळसा लागत नाही. मोटार भराभर खाली गेली. सगळ्या प्रवासात तेवढीच ती जोरात पळाली.

आईनं बाळंतिणीची खोली सारवून ठेवली होती. शेगडी, शेक-शेगोट्या, बाळंतशोपा, सगळी तयारी होती. मुलीला तिनं कापसात ठेवलं, बोटानं दूध पाजायला बघितलं. दूध ओठांवरून खाली यायचं. पाचवी पुजायच्या आत ती गेली. आबांनी तिला परसदारी नेलं. मला दाखवलं नाही, आणि मीही मागितलं नाही.

पावसाळा संपल्यावर मी सासरी परतले. सासूबाईंनी एका शब्दानंही मला टोचलं नाही. त्यापेक्षा त्यांनी बोलायला हवं होतं असं मला वाटायचं. दीड वर्षानं नवरा रजेवर आला. त्यानं सिलोनच्या गोष्टी सांगितल्या. तिथं तो लॉरी चालवायचा. समुद्राकाठच्या छावणीतून सकाळी निघून चहाच्या डोंगरावर दुपारच्या जेवणाला पोचायचा. रस्ते काळे कुळकुळीत, दोन्ही बाजूंना नारळ, पेट्रोलची पिंपं रचून ठेवलेली. बाहेरून आलेले गोरे अंमलदार नुसते ते डोंगर बघायला त्याच्या लॉरीतून जायचे. सांगता सांगता तो मधेच थांबला. त्यानं माझ्याकडे बघितलं. त्या रजेत त्यानं पुन्हा त्या बेटाचं नाव काढलं नाही. मला पुढे मूल झालं नाही.

लढाई संपली. एक-दोन वर्षांत पेट्रोलच्या मोटारी परत धावू लागल्या. मी माहेरी जाऊ लागले. पण आबा मला न्यायला म्हणून परत कधी आले नाहीत, भावाला पाठवायचे. घरी कुणीही पाहुणा आला की त्याचं क्षेमकुशल राहायचं बाजूला, आबा आधी विचारायचे, कुठून निघालात, मोटार कुठं-कुठं थांबली, घाटात उतरावं लागलं का. पाहुणा म्हणायचा, न्हाई, बसल्या जागी आलो. आबा मान हलवायचे आणि उठून जायचे. गावात लोक हसायचे त्यांना.

एकदा मी धीर करून म्हटलं, "आबा, त्यात तुमचं काय चुकलं?"

ते ओसरीवर दोरी वळत होते. वळायचं थांबवून म्हणाले, "चुकलं असतं तर बरं झालं असतं, पोरी. काय करायचं ऱ्हायलं, ते तरी कळलं असतं."

आईनं आतून जेवायला हाक मारली. आबा उठले नाहीत. मीच आत जाऊन आमची दोघांची ताटं ओसरीवर घेऊन आले.